असाल तर माऊस हलवा

काम ऐन रंगात आलेलं असताना तुमचा संगणक ‘मी जरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो’ म्हणतो, तेव्हा तुम्ही ज्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करता, त्या माणसांपैकी मी एक. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी ‘ऑफिसात आहे’ एवढंच सांगते. एकदा खरं सांगितलं होतं. शेजारच्या गृहस्थांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि त्यांचा वार्षिक अहवाल कसा अर्ध्यात उडाला याची कहाणी मला हात धुवेपर्यंत ऐकवली. हात धुतानाही ते मागे होते.

माझं काम शब्दांचं. आमची कंपनी संगणकाचं मुख्य सॉफ्टवेअर बनवते. त्यात दर महिन्याला दुरुस्त्या होतात, त्या घरोघरच्या संगणकांवर चढवाव्या लागतात आणि चढवल्या की संगणक एकदा बंद करून चालू करावा लागतो. ह्याला अपडेट म्हणतात आणि ते कुणालाच नको असतं. त्या वेळी पडद्यावर जी चौकट येते, तिच्यातली वाक्यं मी लिहिते. ‘कृपया संगणक बंद करू नका’ हे माझं. ‘थोडंच राहिलं आहे’ हेही माझंच, आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं.

या वर्षी आमच्या गटाला एकच काम दिलं होतं: अपडेटचा जाच कमी करा. तोवर आमची चौकट दोन बटणं दाखवायची, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. लोक ‘नंतर’ दाबायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नंतर’. आमच्या गटात एक जण फक्त मोजत असतो, त्याला आम्ही आकडेवाला म्हणतो. त्याने एका बैठकीत भिंतीवर एक संगणक दाखवला. नाव नाही, नुसता नंबर. त्या संगणकाच्या मालकाने एकेचाळीस दिवसांत एकेचाळीस वेळा ‘नंतर’ दाबलं होतं, रोज सकाळी साडेआठच्या आसपास, एक दिवस चुकवला नव्हता. एकदाही संगणक बंद केला नव्हता. आम्ही पोट धरून हसलो. आकडेवाल्याने त्याचं नाव नंतरबुवा ठेवलं.

‘ह्याला जन्मात दुसरं काही काम नसेल,’ मी म्हणाले. त्यावर सगळ्यात मोठा हशा पिकला. मला ते बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

नंतरबुवासारख्यांचं करायचं काय, यातून नवी युक्ती निघाली. विचारायचंच नाही. संगणकासमोर माणूस नसेल ती वेळ शोधायची आणि गुपचूप काम उरकायचं. माणूस चहा पिऊन येईपर्यंत सगळं जागच्या जागी. माणूस नाही हे ओळखायचं कसं? तर इतकी मिनिटं कळफलकाची कळ दाबली गेली नाही आणि माऊस हलला नाही, की माणूस नाही. किती मिनिटं, यावर दोन तास वाद झाला. आमच्या मॅडम पाच म्हणत होत्या. मी दहा म्हणाले. माणूस विचार करत बसलेला असू शकतो, फोनवर बोलत असू शकतो, असं मी तावातावाने मांडलं. आकडेवाल्याने मोजून सांगितलं की दहा मिनिटांनंतर शंभरातले सत्त्याण्णव लोक खुर्चीत नसतात. दहा ठरले. मॅडम म्हणाल्या, ‘तू लोकांची बाजू घेतेस, म्हणून तू आम्हाला हवीस.’ मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःची पाठ थोपटत गेले.

उरलेल्या तिघांसाठी एक शेवटची चौकट ठेवायची असं ठरलं. साठ सेकंदांची. तिचं वाक्य लिहायला मी चार दिवस घेतले. हुकूम वाटायला नको, भीती वाटायला नको, आणि साठ अक्षरांच्या आत बसायला हवं. शेवटी लिहिलं: ‘तुम्ही इथे आहात का? असाल तर माऊस हलवा.’ सगळ्यांना आवडलं. घरातल्या माणसाने दारातून डोकावून विचारल्यासारखं वाटतं, असं मॅडम म्हणाल्या.

आमच्याकडे एक रीत आहे. नवं काहीही बाहेर सोडण्याआधी ते आमच्याच घरच्या संगणकांवर चढवायचं. कामाला लागताना प्रत्येकाने एका फॉर्मात आपल्या घरातल्या, माहेरच्या, सासरच्या संगणकांचे नंबर भरून द्यायचे. ह्याला घरचा गट म्हणतात. बाहेरच्यांच्या आधी आपल्या माणसांना त्रास झाला तर आपण काम नीट करू, असा त्यामागचा विचार. मीही सहा वर्षांपूर्वी आईबाबांच्या संगणकाचा नंबर लिहून दिला आणि विसरून गेले. तेव्हा बाबा ठणठणीत होते आणि त्या संगणकावर पत्ते खेळायचे.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि माझ्या लहानपणी जेवताना दुसरा विषय नसायचा. त्यांची एक गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. नवे असताना एका इमारतीत त्यांनी लिफ्टची वीज बंद करण्याआधी तळमजल्यावरून तीन हाका मारल्या, ‘आत कोणी आहे का?’ उत्तर आलं नाही. वीज बंद केली. आत एक म्हातारे गृहस्थ होते, ठार बहिरे. पाऊण तास ते अंधारात भिंतीला धरून उभे होते. ‘तेव्हापासून मी हाकेवर विसंबत नाही,’ बाबा म्हणायचे. ‘प्रत्येक मजला चढायचा, दार उघडायचं, डोळ्यांनी बघायचं. मग वीज.’ त्यांच्या हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘दार उघड’ म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातातून पाना निसटायला लागला. मग पायरी चुकायला लागली, मग शब्द. मज्जातंतूंचा आजार आहे, त्याला औषध नाही, एवढं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आता बाबांचे डोळे हलतात आणि उजव्या हाताची तर्जनी हलते, अर्धा इंच. बाकी सगळं आई.

त्या अर्ध्या इंचाच्या जिवावर ते बोलतात. पुनर्वसन केंद्रातल्या एका तंत्रज्ञाने त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. पडद्यावर अक्षरं असतात, एकेक अक्षर उजळत जातं, हवं ते उजळलं की बाबा बोटाखालचं बटण दाबतात. ‘पाणी’ लिहायला दोन मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात घंटेचं चित्र आहे, ते निवडलं की आईचा मोबाईल वाजतो. आई बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर कपडे दुरुस्त करते, मशीनच्या आवाजात तिला हाक ऐकू येत नाही, आणि हाक मारायला बाबांना आवाजच नाही. त्यामुळे ती घंटा.

त्या बैठकीच्या दीड महिना आधी बाबांनी आईला लिहून दाखवलं: ‘तुझ्यासाठी लिहितोय. संपल्यावर वाच.’

आई लाजली, म्हणजे तिने मला फोनवर सांगताना आवाजावरून कळलं. ‘पंचेचाळीस वर्षांत चिठ्ठी लिहिली नाही या माणसाने,’ ती म्हणाली. ‘सामानाची यादीसुद्धा मी लिहायची. आता काय सुचलंय कोण जाणे.’ पण दुसऱ्या दिवसापासून तिने घराला शिस्तच लावली. दहा वाजता बाबांना खुर्चीत बसवायचं, बोट बटणावर ठेवायचं, दार लोटून घ्यायचं. एक वाजेपर्यंत कुणी आत जायचं नाही. लिहिताना पडद्यावर शेवटची एक ओळ तेवढी दिसते, पण तो प्रोग्राम बंद केला की जपून ठेवताना सगळा मजकूर पडद्यावर उघडा पडतो, आणि मजकूर तर संपेपर्यंत वाचायचा नाही. म्हणून तिने संगणक बंद करणंच सोडलं. झोपायच्या आधी नुसता पडदा मालवायचा. सकाळी तो पुन्हा उजळला की आमची चौकट यायची, आणि माझी आई साडेआठ वाजता चष्मा लावून, नीट बघून, ‘नंतर’ दाबायची.

हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी तिथे जायचे, जेवायचे, बाबांचे पाय चोळायचे, आणि हे मला माहीत नव्हतं. तिला विचारावंसं मला वाटलं नाही आणि मला सांगावं इतकं मोठं ते तिला वाटलं नाही.

डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन एक सांगितलं होतं. बोटाची ताकद उतरत चालली आहे. दोन महिने धरा, फार तर तीन. बाबा दिवसाला वीस-पंचवीस शब्द लिहीत होते, मग पंधरा झाले. त्यांनाही ठाऊक होतं. ते घाईने लिहीत होते, म्हणजे त्यांच्यात जेवढी घाई उरली होती तेवढ्या घाईने.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आम्ही नवी आवृत्ती घरच्या गटावर सोडली. जुनी दोन बटणांची चौकट आदल्या रात्रीच काढून घेतली होती. दोनशे चौदा संगणक. आकडेवाल्याने भिंतीवर दोनशे चौदा राखाडी ठिपके मांडले होते. दहा मिनिटं कळ नाही, माऊस नाही, की साठ सेकंदांची चौकट, आणि काम झालं की ठिपका हिरवा. कुणी माऊस हलवून अडवलं तर लाल. आम्ही हातात कप घेऊन उभे राहून बघत होतो. साडेअकरापर्यंत निम्मे हिरवे झाले. सव्वा वाजता आकडेवाला ओरडला, ‘अरे, नंतरबुवा केव्हाच हिरवा झालाय! अकरा वाजून अकरा मिनिटांनी. चूं केलं नाही!’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण.

पावणेदोनला आईचा फोन आला. ती रडत नव्हती, पण वाक्यं उलटसुलट येत होती. ‘तू ये. ह्यांचं ते गेलंय. पडद्यावर नुसतं निळं आहे आणि पासवर्ड मागतंय. तोंडावर ऊन आलेलं गं, डोळे लाल झालेत. मी मशीनवर बसले होते. मला काय माहीत? सकाळी ते नंतर-आत्ता आलंच नाही, म्हटलं बरं झालं, गेली एकदाची ब्याद.’

मी उभी होते ती भिंतीकडे तोंड करूनच. नंतरबुवाच्या ठिपक्याखालचा नंबर वाचला. मग खुर्चीत बसून आपला सहा वर्षांपूर्वीचा फॉर्म उघडला. नंबर तोच होता.

बाबांच्या बटणाची तार संगणकाच्या मागच्या एका जुन्या भोकात जाते, आणि तो प्रोग्राम ती स्वतःच वाचतो. संगणकाच्या लेखी ती कळ नाही आणि माऊसही नाही. म्हणजे बाबा दहापासून बसून, बोटातली सगळी ताकद लावून एकेक अक्षर उचलत होते, आणि संगणकाच्या मते खोलीत कुणीच नव्हतं. दहा मिनिटांनी माझं वाक्य आलं. बाबांनी ते वाचलं. माऊस त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. साठ सेकंद ते बटण दाबत राहिले, हे मी आता सांगू शकते कारण त्या बोटाचं टोक निळं पडलं होतं. मग पडदा काळा झाला. संगणक पुन्हा उठला तो पासवर्ड मागत, आणि पासवर्ड दिल्याशिवाय तो प्रोग्राम सुरू होत नाही. म्हणजे अक्षरं नाहीत, घंटा नाही. अकरा ते एक ते तिथे बसून राहिले. बारानंतर त्या खिडकीतून ऊन येतं. एरवी ते घंटा वाजवतात आणि आई पडदा ओढते.

मी घरी पोचले तेव्हा आईने त्यांना पलंगावर घेतलं होतं, डोळ्यांवर ओली पट्टी ठेवली होती. मी थेट संगणकावर बसले. काय काय केलं ते सांगत नाही, त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. जपून ठेवलेलं काही नव्हतंच, तर मिळणार कुठून? केंद्रात फोन केला. प्रोग्राम लिहिणारा तंत्रज्ञ गेल्या वर्षी नोकरी सोडून गेला होता. कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या कंपनीतल्या सगळ्यात हुशार माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ‘तात्पुरतं काही राहू नये म्हणून आपणच सगळं स्वच्छ पुसतो ना.’ मी ‘हो ना’ म्हणाले. त्याची पडद्यावर येणारी सूचना मीच लिहिली होती.

बैठकीत मोजलेले एकेचाळीस दिवस, आणि त्यानंतरचे वेगळे. मी मनातल्या मनात शब्द मोजले आणि मोजणं सोडून दिलं.

संध्याकाळी बाबांनी खुर्चीकडे डोळे वळवले. बसवलं. बोट बटणावर ठेवलं. आई आणि मी दोन्ही बाजूंना उभ्या. अक्षरं उजळत गेली. बऱ्याच वेळाने पडद्यावर उमटलं: ‘ते वाक्य तुझं?’

त्यांना माझं लिहिणं ओळखू येतं. शाळेतले माझे निबंध त्यांनीच तपासलेत. खोटं बोलावंसं वाटलं, खरंच वाटलं. ‘हो, बाबा,’ मी म्हणाले. ‘माझं.’

बाबांनी डोळे मिटले, उघडले. मग पुन्हा लिहायला लागले. आईने दिवा लावला. बोट मध्येच थांबायचं, अक्षर निसटायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तीन शब्द झाले: ‘हाक चांगली. दार?’

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांना माझ्या केसांवरून हात फिरवता येत नाही, म्हणून आईने फिरवला.

बुधवारी मी ऑफिसात गेले ते भांडायच्या तयारीने. गुरुवारी सकाळी हीच आवृत्ती साऱ्या जगावर सुटणार होती. मॅडमनी मला आत बसवलं, दार लावून घेतलं, सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या वाईट नाहीत, वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.

‘मी काय थांबवू, सांग,’ त्या म्हणाल्या. ‘ह्या आवृत्तीत एक मोठं भगदाड बुजवलंय. एक दिवस उशीर केला तर कुणाकुणाच्या संगणकात कोण शिरेल, तुला माहीत आहे.’

‘मग दहाचे साठ करा. तासभर.’

‘पुन्हा सगळ्या चाचण्या. तीन आठवडे.’

‘निदान बाबांच्या प्रोग्रामचं नाव सवलतीच्या यादीत घाला. तो चालू असेल तर संगणक बंद करायचा नाही.’

आकडेवाल्याला बोलावलं. तो बिचारा माझ्याकडे बघतच नव्हता. यादीत घालायचं तर प्रोग्रामची नोंदणी लागते, बनवणाऱ्याची सही लागते. बनवणारा नाहीसा झालेला. आणि असे किती जण असतील, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘मोजता येणार नाही. असले सगळे आपल्याला हिरवेच दिसतात.’

मग मॅडम म्हणाल्या, ‘पुढच्या आवृत्तीच्या यादीत मी हे स्वतः टाकते.’ टाकलंही. त्या यादीत त्याचा क्रमांक तीनशे बारावा होता.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. शब्द बदलायला संध्याकाळी सहापर्यंत मुभा होती. मी माझ्या जागेवर बसून ते वाक्य उघडलं आणि सहापर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. ‘माऊस हलवता येत नसेल तर’ असं लिहिलं. नसेल तर काय करा? हाक मारा? कुणाला? खोडलं. ‘आत कोणी आहे का?’ लिहिलं. तेही खोडलं. साठ अक्षरांत काय, साठ पानांत लिहिलं असतं तरी दार उघडलं नसतं. सहा वाजता फाईल आपोआप बंद झाली. वाक्य होतं तसंच गेलं.

तुम्ही म्हणाल, एवढं आतलं माणूस, तर घरच्या संगणकावरचं अपडेट बंद करून टाकायचं. बंद करायची सोय आम्ही याच आवृत्तीत काढून टाकली. इंटरनेटची तार उपटावी, तर घंटा इंटरनेटवरून वाजते. माऊस खोटा खोटा हलवणारी खेळणी मिळायची, ती ओळखून निकामी करायचं कामही आम्ही मागच्याच वर्षी मन लावून केलं होतं. पुढचं अपडेट महिन्याने येईल, किंवा एखादी तातडीची दुरुस्ती उद्याच. मी त्या गटात आहे आणि मला सांगता येत नाही.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला. ‘माऊस हलवला की त्याला कळतं ना, माणूस आहे ते?’

‘कळतं.’

‘किती मिनिटांनी हलवायचा?’

गुरुवारपासून तिने शिलाईचं काम बंद केलं. गिऱ्हाइकांना कपडे परत नेऊन दिले. दहा वाजता बाबांना खुर्चीत बसवून ती टेबलाशेजारी पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसते, म्हणजे मजकूर दिसायला नको. हातात स्वयंपाकघरातलं टायमर. नऊ मिनिटांवर लावलेलं. ते वाजलं की मागे न बघता हात मागे नेते, माऊस चाचपते, हलवते आणि म्हणते, ‘आहेत. आहेत इथेच.’ पहिल्या दिवशी मला हसू आलं. एकदा मी म्हणालेसुद्धा, ‘अगं, त्याला ऐकू येत नाही.’ ती म्हणाली, ‘ह्यांना येतं.’

जपून ठेवायच्या दोन कळा मी तिला शिकवल्या. त्या ती एक वाजता डोळे घट्ट मिटून दाबते. हे इतकं सोपं होतं. पहिल्याच दिवशी कुणी विचारलं असतं तर.

बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आधीचं सगळं त्यांना आठवत होतं की त्यांनी नवंच काही काढलं, मला माहीत नाही. मीही पडद्याकडे बघत नसे. मी रजा काढून बाहेरच्या खोलीत बसायचे आणि टायमर ऐकायचे. पहिल्या आठवड्यात ते रोज दहा-बारा शब्द लिहीत असावेत, कारण एक वाजता ते थकलेले पण समाधानी दिसायचे. दुसऱ्या आठवड्यात चेहरा चिडका व्हायला लागला. बटण बदलून आणलं, नरमातलं नरम. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आईने बोट बटणावर ठेवलं, अक्षरं उजळायला लागली, आणि टायमर एकदा वाजलं, दोनदा वाजलं, तिसऱ्यांदा वाजलं. आईने मला हाक मारली. मी आत गेले. बाबा बोटाकडे बघत होते. बोट बटणावर होतं आणि हलत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले ते आम्हाला आधीच माहीत होतं. डोळ्यांवर चालणारं एक यंत्र असतं, त्यासाठी नाव नोंदवलं आहे. पाच महिन्यांची रांग आहे. बाबांच्या पापण्याही आता जड होत चालल्या आहेत.

मी आईला म्हणाले, ‘आई, जेवढं लिहिलंय तेवढं वाच ना. मी उघडून देते. तुझ्यासाठीच तर आहे.’

‘संपल्यावर वाच म्हणालेत,’ आई म्हणाली. ‘संपलेलं नाही.’

‘आई.’

‘संपलेलं नाही अजून.’

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे आईवर होते. त्यांना हो म्हणायचं होतं की नाही म्हणायचं होतं, मला वाचता आलं नाही. मी जन्मभर नेमके शब्द शोधायचं काम करते आणि मला वाचता आलं नाही.

परवा रविवारी मी गेले. दहा वाजले होते. बाबा खुर्चीत होते, खिडकीचा पडदा आधीच ओढलेला, बोट बटणावर. पडद्यावर एकेक अक्षर उजळत होतं, विझत होतं, कुणी उचलत नव्हतं. आई स्टुलावर पाठ करून बसली होती. टायमर वाजलं. तिने हात मागे नेला, माऊस हलवला.

‘आहेत,’ ती म्हणाली. ‘इथेच आहेत.’ आणि टायमर पुन्हा नऊवर लावलं.